फवारणी आणि तोडा यांच्यामधले दिवस

सासवडच्या बाजूला एका वाटाण्याच्या रानात मी पाने तपासत होतो. ऑगस्टचा शेवट होता. दोन दिवसांपासून पावसाने उघडीप दिली होती आणि शेंड्याकडच्या पानांवर कोणी चिमूटभर पीठ भुरभुरावे तशी भुरी दिसू लागली होती. सहा-सात बाया ओळीने तोडा करत पुढे सरकत होत्या. ओटीत शेंगा, ओटी भरली की पोत्यात. त्यांतल्या एका मावशींनी कमरेवर हात ठेवून मला विचारले, "दादा, काल सांच्याला मालकांनी औषध मारलंय. शेंगेला अजून वास येतोय. तोडायचं का ऱ्हाऊ द्यायचं?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. काय मारले आणि किती मारले, हे मालकांना विचारले. दुकानातून दोन पुड्या आणल्या होत्या, दोन्ही एकाच टाकीत कालवल्या होत्या. नावे आठवत नव्हती. रिकाम्या पुड्या बांधावर जाळून टाकल्या होत्या. पोती मात्र त्याच रात्री गाडीत चढणार होती आणि पहाटे बाजारात जाणार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाटाणा कोणाच्या तरी घरी पातेल्यात पडणार होता.

त्या मावशींचा प्रश्न हाच या पुस्तकाचा विषय आहे. शेंगभाज्यांवर येणारी बुरशी कशी ओळखावी, ती येऊ नये म्हणून काय करावे, आली तर काय फवारावे, हे सगळे या पुस्तकात आहेच. पण त्या सगळ्यामागे एकच म्हणणे आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. बुरशीनाशकाची सुरक्षितता पुडीवरच्या नावात नसते. कोणत्या रोगासाठी, किती मात्रेत, पिकाच्या कोणत्या अवस्थेत आणि तोड्याच्या किती दिवस आधी ते वापरले, यावर ती ठरते. फवारणी आणि तोडा यांच्यामधल्या दिवसांचा हिशेब ज्याला जमला, त्याला सुरक्षित शेती जमली.

शेंगभाज्यांचा वेगळा विचार का करायचा, हे आधी पाहू. वाटाणा, घेवडा म्हणजेच फरसबी, चवळी, गवार, वाल-पावटा ही सगळी डाळवर्गीय कुळातली पिके. ती वेगवेगळ्या देशांतून येऊन आपल्या ताटात एकत्र आली. वाटाणा पश्चिम आशियाच्या बाजूचा, चवळी आफ्रिकेची, घेवडा अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेला. पुरंदरचा पावसाळी वाटाणा पुण्या-मुंबईच्या बाजारात ओळखला जातो, तर साताऱ्याकडच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. हरभरा-तूर यांची डाळ होईपर्यंत पीक शेतात वाळते, मळणी होते, साल निघते. शेंगभाजीला इतका वेळ मिळत नाही. ती कोवळी, हिरवी, ओलसर असताना तोडतात. घेवडा, गवार, चवळी तर सालासकट खातात. ज्या सालावर औषध पडले, तेच साल भाजीत जाते.

दुसरी अडचण तोड्यांची. गवारीचा तोडा दर तीन-चार दिवसांनी येतो. घेवडा पेरणीपासून पन्नासेक दिवसांत तोडणीला येतो आणि पुढे काही आठवडे तोडे चालू राहतात. फळबागेत फवारणी आणि काढणी यांच्यात महिनाभर अंतर ठेवता येते. इथे ज्या दिवशी फवारणी करायची, त्याच्या दोन दिवस आधी एक तोडा झालेला असतो आणि दोन दिवसांनी दुसरा यायचा असतो. शेंग थांबत नाही. थांबवली तर जून होते आणि भाव पडतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

आता रोगांकडे वळू. नवख्या माणसाला शेंगभाज्यांवरच्या बुरशीजन्य रोगांची यादी लांबलचक वाटते. पण बुरशीला काय हवे असते, या एका प्रश्नावरून त्यांचे तीन गट पडतात आणि ते गट कळले की अर्धे काम होते.

पहिला गट मातीतला. उगवून आलेली रोपे जमिनीलगत पिचून आडवी पडतात, ती रोपमर. पीक फुलावर असताना हिरवी झाडे अचानक सुकतात, ती फ्युजॅरियममुळे होणारी मर. खोड चिरून पाहिले तर आत तपकिरी रेघा दिसतात. बुंध्याशी पांढऱ्या धाग्यांचा वेढा आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशीची मानकूज. थंडीत दाट वाढलेल्या घेवड्याच्या शेंगेवर कापसासारखी बुरशी आणि उंदराच्या लेंड्यांसारखे काळे खडे दिसले, तर ती स्क्लेरोटिनिया. ही बुरशी बहुतेक वेळा गळून शेंगेला चिकटलेल्या फुलांच्या पाकळ्यांवरून आत शिरते आणि तिचे खडे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. या गटावर वरून फवारून फारसे काही हाती लागत नाही. त्याची लढाई पेरणीआधी होते. निचरा, फेरपालट, खोल नांगरट आणि बीजप्रक्रिया ही तिची हत्यारे.

दुसरा गट ओल्या पानाचा. करपा, तांबेरा, कोनीय ठिपके, केवडा. यांच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. रात्रभर दव, सकाळी धुके, वर ढगाळ हवा, असे पान दहा-बारा तास ओले राहिले की तांबेऱ्याचे काम झाले. घेवड्याच्या पानाखाली बोट फिरवले आणि बोटाला विटेच्या रंगाची भुकटी लागली, तर तो तांबेरा. करप्याची खूण शेंगेवर दिसते. आत दबलेला काळपट डाग, कडेला लालसर वलय आणि ओल्या हवेत डागाच्या मध्यभागी गुलाबीसर चिकट थर. करपा बियाण्यातून येतो आणि पावसाच्या थेंबांच्या उसळीने पसरतो. ओल्या पिकात शिरलेल्या माणसाच्या कपड्यांवरूनही तो पसरतो. म्हणून पाने सुकेपर्यंत घेवड्याच्या रानात पाय ठेवू नये, हा सल्ला साधा वाटला तरी एखाद्या फवारणीइतका मोलाचा आहे.

तिसरा गट कोरड्या पानाचा, आणि त्यात मुख्यतः भुरी. भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही. जोराचा पाऊस तर त्यांना धुऊनच काढतो. म्हणूनच पाऊस थांबला आणि दुपारी ऊन पडायला लागले की वाटाण्यावर भुरी चढते. भुरी आणि केवडा यांची गल्लत फार होते, कारण दोन्हींत पानावर पावडर दिसते. भुरीची पांढरी पावडर पानाच्या वरच्या बाजूवर पसरते. केवड्यात वर पिवळे डाग असतात आणि करडी बुरशी खालच्या बाजूला असते. हा फरक शब्दांत छोटा आहे, पण त्याची किंमत मोठी. केवडा आणि पिथियममुळे होणारी रोपमर या रोगांचे जीव खऱ्या अर्थाने बुरशी नाहीतच. त्यांची पेशीभित्तिका वेगळ्या घडणीची असते. हे जीवच वेगळे असल्याने भुरीवर चालणारे गंधक किंवा कार्बेन्डाझिम केवड्यावर निरुपयोगी ठरते. चुकीच्या निदानावर मारलेले औषध रोग थांबवत नाही आणि तरीही शेंगेत अवशेष सोडून जाते. असे नुकसान दोन्ही बाजूंनी होते.

यात आणखी एक सावधगिरी हवी. घेवड्यावरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. जिवाणूंचा करपा असतो, विषाणूंमुळे होणारा मोझॅक असतो. विषाणूवर कोणतेही बुरशीनाशक चालत नाही. तरीही पाने आकसलेली दिसली की पंप खांद्यावर घेतला जातो, हे मी अनेक रानांत पाहिले आहे.

हे ज्ञान इथवर कसे आले, याचाही थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजच्या चुका त्याच्याच प्रकाशात नीट दिसतात. गंधकाने भुरी आटोक्यात येते, हे इंग्लंडमध्ये जॉन रॉबर्टसन यांनी 1821 मध्ये पीचच्या झाडांबाबत नोंदवले. पुढे फ्रान्समध्ये द्राक्षांवर केवडा आला. बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडायची रीत होती. हेतू एवढाच, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना घड विषारी वाटावेत आणि कोणी ते तोडू नयेत. पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले, की त्या निळ्या वेलींवर केवडा कमी आहे. 1885 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि बोर्डो मिश्रण जगभर गेले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बुरशीनाशकाचा शोध लागला तो लोकांनी फळ खाऊ नये म्हणून केलेल्या शिंपणीतून. खाणारा आणि फवारणारा यांच्यातले अंतर त्या पहिल्याच गोष्टीत आहे.

घेवड्याच्या करप्याचाही इतिहासात मानाचा वाटा आहे. जर्मनीत बॉनजवळ 1875 मध्ये लिंडेमुथ यांना तो घेवड्यावर आढळला आणि त्या बुरशीच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव कायमचे राहिले. अमेरिकेत बारस यांनी 1911 मध्ये दाखवून दिले, की घेवड्याच्या एका वाणाला झोडपणारा करपा दुसऱ्या वाणाला स्पर्शही करत नाही, तर दुसऱ्या ठिकाणचा करपा नेमका उलटा वागतो. एकाच बुरशीचे वेगवेगळे वंश असतात, ही कल्पना अशा कामातून घट्ट झाली. प्रतिकारक वाण कायमचा प्रतिकारक का राहत नाही, याचे उत्तर तिथून मिळते.

भारतात या शास्त्राचा पाया एडविन जॉन बटलर यांनी घातला. बिहारमधल्या पुसा येथील संशोधन संस्थेत त्यांनी पिकांवरच्या बुरशींचा अभ्यास केला आणि 1918 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बी. बी. मुंडकूर यांच्या पुढाकाराने 1947 मध्ये भारतीय वनस्पतिरोगशास्त्र सोसायटी स्थापन झाली. महाराष्ट्राचा यातला एक धागा पिंपरीपर्यंत जातो. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने जमिनीतल्या सूक्ष्मजीवांपासून ऑरिओफंगिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधले आणि ते शेतीतही वापरले गेले. माणसांच्या औषधांच्या कारखान्यातून पिकाचे औषध निघाले.

रसायनांचा प्रवास तीन पिढ्यांत मांडता येतो. पहिली पिढी गंधक आणि तांब्याची. 1934 मध्ये डायथायोकार्बामेट गटाचे पेटंट निघाले आणि त्यातूनच पुढे मॅन्कोझेब आले. आपल्याकडे शेतकरी ज्याला एम-पंचेचाळीस म्हणतात, ते हेच. ही सगळी स्पर्शजन्य औषधे. ती पानाच्या पृष्ठभागावर राहतात, बुरशीच्या शरीरातल्या अनेक क्रिया एकदम बिघडवतात, म्हणून बुरशीला त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवणे अवघड जाते. पण रोग पानात शिरला की त्यांचा उपयोग संपतो. ती आधी मारायची औषधे आहेत.

दुसरी पिढी आंतरप्रवाही औषधांची. 1960 च्या दशकाच्या शेवटी बेनोमिल आले, नंतर कार्बेन्डाझिम, मग ट्रायअझोल गट. ही पानात शिरतात, रसाबरोबर फिरतात आणि रोग दिसल्यावरही काम करतात. शेतकऱ्यांना हे वरदान वाटले. पण ती बुरशीच्या एकाच ठिकाणावर घाव घालतात. तिथे एक छोटा बदल झाला की घाव चुकतो. बेनोमिल वापरात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच 1969 मध्ये अमेरिकेत काकडीच्या भुरीत त्याला न जुमानणारे वंश आढळले. तिसरी पिढी स्ट्रोबिल्युरिनची. पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या एका छोट्या अळंबीपासून 1977 मध्ये मूळ रेणू वेगळा केला गेला आणि 1996 पासून अॅझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आले. एका बुरशीने आपले अन्न इतर बुरशींपासून राखण्यासाठी घडवलेले हे हत्यार. त्यालाही प्रतिकार लवकरच उभा राहिला. बुरशीच्या एका प्रथिनात 143 व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की औषध पकड घेऊ शकत नाही. बुरशीनाशकांना होणाऱ्या प्रतिकारावर काम करण्यासाठी 1981 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृती समितीने म्हणूनच बुरशीनाशकांना काम करण्याच्या पद्धतीनुसार गट क्रमांक दिले. पुडीचे नाव बदलले म्हणून औषध बदलत नाही. गट बदलला तरच बदलते. एकाच गटाची तीन वेगवेगळ्या नावांची औषधे आलटून-पालटून मारणारा शेतकरी आपण फेरपालट करतोय असे समजतो, आणि बुरशीला मात्र तेच औषध तीनदा मिळते.

रसायनांच्या बाहेरही दोन मोठ्या परंपरा आहेत. एक वाणांची. पेरूमधल्या वाटाण्यात 1940 च्या दशकात भुरीला दाद न देणारा गुण सापडला. तो एकाच अप्रभावी जनुकामुळे येतो. बुरशीला आत शिरायला ज्या प्रथिनाची मदत होते, ते प्रथिनच त्या झाडांत काम करत नाही, असे पुढे उलगडले. जगभरातल्या भुरीप्रतिकारक वाटाण्यांमागे बहुतांश हाच गुण आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का अजित हा वाटाणा भुरी आणि तांबेरा दोन्हींना प्रतिकारक आहे, तर अर्का अनूप हा घेवडा तांबेरा आणि जिवाणूजन्य करप्याला. प्रतिकारक वाण म्हणजे अवशेष न सोडणारी फवारणी.

दुसरी परंपरा जैविक नियंत्रणाची. 1932 मध्ये रिचर्ड वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालून तिला खाते, हे दाखवले. आज ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया मातीतल्या रोगांवरचा पहिला उपाय आहे. शेंगवर्गीय पिकात एक काळजी जास्त घ्यावी लागते. याच बियाण्याला रायझोबियमही लावायचे असते, आणि काही बुरशीनाशके त्या उपयुक्त जिवाणूंना मारतात. म्हणून रासायनिक प्रक्रिया करायचीच असेल तर ती आधी करावी, बी सावलीत सुकवावे आणि जिवाणूसंवर्धन पेरणीच्या वेळी शेवटी लावावे. बुरशीला मारताना मुळांवरच्या गाठींना मारले, तर शेंगेला नत्र कुठून मिळणार?

आता 'सुरक्षित' या शब्दाकडे येऊ, कारण त्यावरच सर्वांत जास्त गोंधळ आहे. पुडीवर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. बरीच बुरशीनाशके निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणात येतात. पण तो त्रिकोण एकदाच पोटात गेल्यास किती घातक, एवढेच सांगतो. थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेले तर काय, हे त्या रंगात नाही. मॅन्कोझेब याचे ठळक उदाहरण. त्याचा तात्काळ विषारीपणा कमी आहे. पण शिजवताना त्याच्या अवशेषांतून इथिलीनथायोयुरिया हा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉइडवर परिणाम करतो. भाजी शिजवली की औषध जाते, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. युरोपीय संघाने 2020 मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. भारत सरकारने 2018 मध्ये ज्या अठरा कीडनाशकांवर बंदी घातली, त्यांत बेनोमिलही होते. एकेकाळी चमत्कार मानले गेलेले औषध पन्नास वर्षांत बंद होऊ शकते. आज सुरक्षित वाटणाऱ्या औषधाबद्दलही आपण तेवढेच नम्र असले पाहिजे.

ज्यांना सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे वापरले जाते, त्यांनाही हा नियम लागू आहे. तांबे जमिनीत मुरते आणि साठत जाते. युरोपीय संघात ते सात वर्षांत हेक्टरी 28 किलोपर्यंतच वापरता येते. गंधक कडक उन्हात पाने होरपळते, पारा बत्तीस-पस्तीस अंशांच्या वर असताना ते मारू नये, आणि तेलयुक्त फवारणीनंतर लगेच तर नाहीच. बोर्डो मिश्रण घरी करताना आजही एक जुनी चाचणी करतात. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतायचे. मग घासून स्वच्छ केलेला विळा त्यात बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे, म्हणजे आणखी चुना हवा. नाहीतर पाने जळतील. शेतकऱ्याच्या हातातल्या विळ्याने केलेली ही रसायनशास्त्राची परीक्षा मला प्रत्येक वेळी नव्याने आवडते.

मग सुरक्षितता मोजायची कशी? तीन शब्द लक्षात ठेवावेत. पहिला, लेबल क्लेम. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात बुरशीनाशकेही येतात, आणि कोणते औषध कोणत्या पिकावर कोणत्या रोगासाठी वापरता येते, हे नोंदणीत ठरते. द्राक्षासाठी नोंदलेले औषध घेवड्यावर मारणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय घेवड्यात ते किती दिवस टिकते याचा अभ्यासही झालेला नसतो. दुसरा शब्द, कमाल अवशेष मर्यादा, जिला सगळे एमआरएल म्हणतात. ज्या औषधाची मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची कसोटी लावतात. म्हणजे शंभर टन शेंगांत एक ग्रॅम. तिसरा आणि शेंगभाजीच्या शेतकऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा शब्द, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ. शेवटच्या फवारणीपासून तोड्यापर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, हे तो सांगतो. तो लेबलवर छापलेला असतो. पुडी जाळली की तो जळतो.

यातून शेंगभाजीचे वेळापत्रक आपोआप दोन भागांत पडते, फुलाआधी आणि फुलानंतर. फुलाआधीच्या काळात शेंग अजून जन्मालाच आलेली नसते. बीजप्रक्रिया, प्रतिबंधक फवारण्या, मुळांजवळची आळवणी हे सगळे तेव्हाच आटपायचे. फूल लागल्यावर मात्र हात आखडायचा. नोंदणी असलेले, कमी प्रतीक्षा काळाचे औषध, गरज दिसली तरच, आणि तोडा झाल्याबरोबर, म्हणजे पुढच्या तोड्यापर्यंत जास्तीत जास्त दिवस मिळतात. त्या दिवसांत शेंग वाढते, ऊन-वारा काम करतो आणि अवशेष उतरत जातात. दोन तोड्यांच्या मधल्या दिवसांत लेबलवरचा काळ बसत नसेल, तर ते औषध त्या पिकात फुलानंतर वापरायचे नाही. हा नियम साधा आहे, पण तो पाळायला फुलाआधीचे काम नीट झालेले लागते.

फवारणाऱ्याची सुरक्षितताही याच हिशेबातली आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधे किड्यांसाठी होती, बुरशीसाठी नव्हती. पण उंच पीक, वाऱ्याविरुद्ध फवारा, उघडे अंग, टोपणाने अंदाजे मापलेली मात्रा आणि टाकीत कालवलेली दोन-तीन औषधे, या सवयी पीक बदलले म्हणून बदलत नाहीत. वाटाण्याच्या रानात फवारणीनंतर दुसऱ्या सकाळी तोड्याला येणाऱ्या बायांचे हात दिवसभर त्याच शेंगांत असतात. त्यांच्या हातमोज्यांचा विचार कोणत्या लेबलने केला आहे?

हे सगळे आताच का लिहावे लागते? पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही. अवकाळी पाऊस, लांबलेले ढगाळ दिवस, हिवाळ्यात मध्येच येणारी ओल, यामुळे ओल्या पानाचे आणि कोरड्या पानाचे रोग एकाच हंगामात भेटतात. बाजारही बदलला आहे. घेवडा आणि वाटाणा परदेशी जातो तेव्हा प्रयोगशाळेतून जातो. देशातल्या ग्राहकाला तशी तपासणी अजून क्वचितच मिळते, पण पोट त्याचेही तेवढेच नाजूक आहे. आणि भाजीपाल्याच्या छोट्या पिकांसाठी नोंदलेली बुरशीनाशके मोजकीच असल्याने, शेतकरी जे हाताशी येईल ते वापरतो. माहितीची ही पोकळी भरली नाही, तर ती दुकानाच्या काउंटरवरच भरली जात राहील.

या पुस्तकाची मांडणी म्हणूनच औषधांच्या नावांवरून केलेली नाही. ती पिकाच्या वयावरून केली आहे. बियाणे निवडण्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत, प्रत्येक टप्प्यावर कोणता रोग शक्य आहे, तो कसा ओळखायचा आणि त्या टप्प्यावर काय करणे निर्धोक आहे, असा त्याचा प्रवास आहे. रसायने, जैविक घटक, प्रतिकारक वाण आणि मशागत यांपैकी कोणाचीही बाजू घेतलेली नाही. ज्याची जिथे गरज, तिथे ते. औषधांच्या याद्या आणि मर्यादा बदलत राहतात, म्हणून त्यांची घोकंपट्टी करण्यापेक्षा लेबल कसे वाचावे हे शिकवण्यावर भर आहे. घेवड्याच्या रोगांची छायाचित्रे पानाच्या दोन्ही बाजूंची दिली आहेत, कारण रोग ओळखायचा तर पान उलटून पाहावेच लागते.

हे पुस्तक शेतकऱ्यांसाठी आहे, कृषी सहायकांसाठी आहे, कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठीही आहे. शहरात भाजी घेणाऱ्याने ते वाचले तर त्याला शेतकऱ्याची अडचण कळेल, आणि डाग नसलेल्या शेंगेचा हट्ट किती महाग पडतो तेही कळेल.

शेवटी एकच विनंती. पुस्तकाच्या मागच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. फवारणीची तारीख, औषधाचे नाव, गट, मात्रा आणि तोडा कधी करता येईल ती तारीख, एवढेच रकाने. तो कापून घराच्या दारामागे किंवा पंपाच्या खोलीत लावावा, आणि रिकामी पुडी जाळण्याआधी तिच्यावरून हे रकाने भरावेत. मग तोड्याला आलेल्या कुठल्याही मावशीने "तोडायचं का?" असे विचारले, की तक्त्याकडे बघून तिला लगेच हो किंवा नाही सांगता येईल. त्या दिवशी बांधावर ते उत्तर माझ्याकडे नव्हते.